मी बटण दाबलं होतं

पुलावरच्या पहारेकऱ्याने मला पहिल्यांदा मारलं तेव्हा अजिबात वाईट वाटलं नाही. असल्या व्हिडिओ गेममध्ये पहिल्या भेटीत सहसा कोणी वाचत नाही. दगडी अंग, हातात पुरुषभर उंचीची कुऱ्हाड, बरोबर दोन शिकारी कुत्रे. दुसऱ्याच घावात मी आडवी झाले. दहाव्या वेळी मेले तेव्हाही तक्रार नव्हती. पण विसाच्या पुढे गेल्यावर जे व्हायला लागलं ते मला सहन होईना. कुऱ्हाड वर जाताना दिसत होती. ती कुठल्या बाजूने येणार हे पाठ झालं होतं. अंगठा वेळेवर बटणावर पडत होता. आणि पडद्यावरची माझी लढवय्यी बाई जागची हलत नव्हती. घाव बसायचा, ती कोलमडायची, सावरून उभी राहायची आणि मग, गरज संपून गेल्यावर, घाव चुकवायची लोळण घ्यायची. ती लोळण संपते न संपते तोच दुसरा घाव.

मागे बसून बघणाऱ्या धाकट्या भावाला मी दर वेळी एकच सांगत होते, "अरे, मी बटण दाबलं होतं!"

जादू, पडके किल्ले, जमिनीखालची देवळं, हळूहळू वाढत जाणारी ताकद आणि त्या क्षणी हाताने लढायची लढाई, असा हा गेम. त्याचं नाव महत्त्वाचं नाही, कारण मी जे सांगणार आहे ते या जातीच्या बऱ्याच गेममध्ये सापडेल. 2009 साली डीमन्स सोल्स आणि 2011 साली डार्क सोल्स हे गेम आल्यापासून ही लढाई एका खास अर्थाने जड झाली. तलवार एकदा उगारली की मध्येच मागे घेता येत नाही. स्टॅमिना संपला की दम खावा लागतो. औषधाची कुपी तोंडाला लावली की ती रिकामी होईपर्यंत तुम्ही उघड्यावर. मला हा जडपणा मनापासून आवडतो. बटणं बडवत सुटणाऱ्याला तो काहीच देत नाही, आणि थांबून बघणाऱ्याला सगळं देतो. पहारेकऱ्यापर्यंत पोचायला मी चाळीसेक तास घालवले होते, आणि त्यातला एकही मला वाया गेल्यासारखा वाटला नव्हता.

पण हा जडपणा एका अलिखित करारावर चालतो. गेम कठोर असेल, पण फसवणार नाही. मेलात तर चूक तुमची, आणि ती तुम्हाला दिसेल. यातला 'दिसेल' हा शब्द सगळ्यात मोलाचा. चूक दिसली की माणूस पुन्हा उठतो, दहा वेळा उठतो. दिसली नाही तर काय सुधारायचं?

तर मी खेळ थांबवला आणि एक वही घेतली. पानावर चार रकाने आखले: माझी चूक, कॅमेरा (म्हणजे गेमची नजर नको तिकडे वळली), बटण, कळलं नाही. प्रत्येक मरणानंतर, पुन्हा पुलाकडे धावत सुटण्याआधी, कुठल्या तरी एका रकान्यात एक रेघ ओढायची. वीस मरणांचा हिशेब असा आला: माझी चूक 5, कॅमेरा 4, बटण 2, आणि कळलं नाही 9.

त्या नऊ रेघांनी मला चार दिवस झोप लागू दिली नाही. पाच चुका माझ्या, तर पाच गोष्टी शिकले. कॅमेऱ्यावर राग काढता येतो. पण नऊ वेळा मी मेले आणि मला त्याचं कारणच सांगता येत नाही, हे मला त्या कुऱ्हाडीपेक्षा जास्त लागलं.

पहिला संशय टीव्हीवर गेला. कॉम्प्युटर मी मोठ्या टीव्हीला जोडून खेळते. हल्लीचे टीव्ही मिळालेलं चित्र तसंच्या तसं दाखवत नाहीत. ते हालचाल गुळगुळीत करतात, कडा धारदार करतात, दोन फ्रेमच्या (म्हणजे हलत्या चित्रातल्या एकेका स्थिर चित्राच्या) मधली फ्रेम स्वतः तयार करून घालतात. या कामाला वेळ लागतो, आणि सिनेमा बघताना तो कोणाला कळत नाही, कारण आवाजही तेवढाच उशिरा सोडला की झालं. हातात कंट्रोलर असला की मात्र कळतं. म्हणून टीव्हीत 'गेम मोड' असतो, जो यातली बरीचशी प्रक्रिया बंद करतो. माझ्या टीव्हीत तो होता. तो चालू केलेला नव्हता. चाळीस तास मी सिनेमाच्या सेटिंगवर लढत होते.

नुसतं चालू करून बरं वाटून घ्यायचं नव्हतं, मला आकडा हवा होता. माझ्या फोनमध्ये सेकंदाला 240 फ्रेम टिपणारं स्लो मोशन आहे. म्हणजे एक फ्रेम साधारण 4.2 मिलिसेकंदांची. भावाला म्हटलं, फोन असा धर की माझं बोट आणि टीव्हीचा पडदा दोन्ही एकाच चौकटीत येतील. मी वार करायचं बटण दाबत गेले, तो टिपत गेला. मग एकेक फ्रेम पुढे सरकवत आम्ही मोजलं: बोटाने बटण दाबल्यापासून तलवार हलायला लागेपर्यंत किती फ्रेम जातात. गेम मोड बंद असताना 55, म्हणजे सुमारे 229 मिलिसेकंद. चालू असताना 31, म्हणजे 129. पाव सेकंदाच्या आसपासचा उशीर जवळजवळ निम्म्यावर आला होता. (हे मोजमाप कोणीही घरी करू शकतं. दहा वेळा टिपायचं आणि सरासरी घ्यायची, कारण एकदा मोजलेलं फसवतं.)

मी आनंदाने पुलावर गेले. आणि मेले. वार आता खरंच हाताबरोबर चालत होते, तो फरक स्पष्ट होता. पण लोळण? ती अजूनही येईल तेव्हा येत होती.

इथे भावाने तोंड उघडलं. दोन दिवस तो माझ्या चेहऱ्याकडे नाही, हाताकडे बघत होता.

"ताई, तू बटण दाबतेस ते खरं आहे. पण सोडत नाहीस."

"म्हणजे?"

"म्हणजे दाबून धरतेस. तो कुऱ्हाड उगारतो ना, तेव्हा तुझा अंगठा पांढरा पडतो."

मला आधी ते पटलं नाही. बटण दाबणं ही एकच क्रिया आहे, तिला दोन टोकं असतात हे मी कधी लक्षातच घेतलं नव्हतं. मग मी सरावाच्या मोकळ्या पटांगणात गेले, जिथे कोणी शत्रू नाही, आणि लोळणीचं बटण मुद्दाम हळू दाबलं. काही झालं नाही. हळू सोडलं. ती लोळली.

पुन्हा केलं. दाबताना काही नाही, सोडताना लोळण. थोडं जास्त धरलं तर ती लोळायच्या ऐवजी धावायला लागायची, आणि धावून झाल्यावर बटण सोडलं तर लोळण नाहीच.

कारण समजल्यावर ते इतकं साधं वाटलं की माझ्या हातून वही खाली पडली. एकाच बटणाला दोन कामं दिलेली आहेत: टिचकी मारली तर लोळण, धरून ठेवलं तर धाव. मी बटण दाबते त्या क्षणी गेमला माझ्या मनातलं कळायला मार्गच नाही. टिचकी आहे की धरणं, हे बोट उचललं जाईपर्यंत ठरत नाही. म्हणून तो थांबतो. वार करायच्या बटणाला एकच काम, म्हणून ते दाबताच चालतं. डार्क सोल्सपासून 2022 च्या एल्डन रिंगपर्यंत ही मांडणी अशीच आहे. (डार्क सोल्समध्ये तर धावताना मारायची उडीही त्याच बटणावर होती, एल्डन रिंगमध्ये उडीला वेगळं बटण मिळालं.) लाखो लोक त्या मांडणीने खेळले आणि जिंकले, तेव्हा ती अशक्य आहे असं मी म्हणणार नाही. पण हे मला कुठे सांगितलं होतं? सुरुवातीच्या शिकवणीत पाटी येते: 'चुकवण्यासाठी हे बटण दाबा.' दाबा. 'दाबून सोडा' नाही. चाळीस तास मी त्या पाटीवर विश्वास ठेवला.

आम्ही पुन्हा फोन काढला. या वेळी फक्त अंगठा टिपला. रिकाम्या पटांगणात, शांत मनाने, दाबण्यापासून सोडण्यापर्यंत 22 फ्रेम, म्हणजे 92 मिलिसेकंद. पहारेकऱ्यासमोर 50 फ्रेम, म्हणजे 208. भीती वाटली की माणूस मूठ आवळतो, दोर घट्ट धरतो, कठडा दाबतो. अंगठाही तेच करत होता. म्हणजे जितकी जास्त गरज, तितकी लोळण उशिरा. ज्या घावाला मी सगळ्यात जास्त घाबरत होते, नेमका तोच मला दर वेळी लागत होता.

मग मी पूर्ण हिशेब मांडला. पहारेकऱ्याचा सरळ घाव पडद्यावर मोजला: कुऱ्हाड वर जायला लागल्यापासून अंगावर येईपर्यंत 168 फ्रेम, म्हणजे 700 मिलिसेकंद. ऐकायला भरपूर वाटतं. डोळ्याने बघून बोट हलवायला माणसाला साधारण 200 ते 250 मिलिसेकंद लागतात. मी 250 धरले. अंगठा दाबून ठेवण्यात 208. टीव्ही आणि गेम मिळून 229, कारण वहीतली ती वीस मरणं गेम मोड बंद असतानाची होती. बेरीज 687. उरले 13. सेकंदाला 60 फ्रेम चालणाऱ्या गेमची एक फ्रेम 16.7 मिलिसेकंदांची असते. माझ्या हाती एका फ्रेमएवढाही वेळ उरत नव्हता. मी वेळेवर दाबत होते, हे खरं. गेम नियमाप्रमाणे चालत होता, हेही खरं. आणि तरी मी मरत होते, कारण मधला वेळ कोणाच्याच हिशेबात नव्हता.

त्या रात्री मी वही उघडून त्या नऊ रेघांकडे पुन्हा बघितलं. त्यातल्या कमीत कमी सहा आता वाचता येत होत्या. उशिरा आलेली लोळण तीनदा. लोळायच्या ऐवजी सरळ कुऱ्हाडीखाली धावत गेलेली बाई दोनदा. आणि एकदा घाबरून दोन वेळा दाबलेलं बटण. हे शेवटचं मलाही नवीन होतं. तुम्ही एका हालचालीच्या मध्यात असताना दाबलेलं बटण गेम काही क्षण लक्षात ठेवतो आणि ती हालचाल संपल्यावर अमलात आणतो. त्याला इनपुट बफर म्हणतात. तो चांगल्यासाठीच आहे, नाहीतर लागोपाठचे वार अगदी फ्रेम धरून करावे लागतील. पण घाव बसल्यावर धडपडत दाबलेली बटणंही त्यात साठतात. सावरून उभी राहिल्यावर कोणी न विचारता घेतलेली ती लोळण माझीच होती, अर्ध्या सेकंदापूर्वी मागितलेली.

उरलेल्या तिन्हीचा दोष माझा निघाला. स्टिक, म्हणजे कंट्रोलरवरची दिशा देणारी छोटी दांडी, न हलवता लोळणीचं बटण दाबलं की ती लोळत नाही, नुसती एक पाऊल मागे उडी मारते, आणि त्या उडीत अंगाला संरक्षण नसल्यातच जमा. मी बटण आधी आणि दिशा नंतर देत होते. क्रम उलटा करायचा, एवढंच. ते मला तीन दिवसांत जमलं.

दाबून धरायची सवय मात्र जाईना. आठवडाभर मी टिचकी मारायचा सराव केला. पटांगणात जमायचं, पुलावर पोचलं की अंगठा पुन्हा आवळायचा. आणि याच काळात अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं. आधी खेळल्यावर, मग सकाळी उठल्यावरही. मी आठ दिवस कंट्रोलरला हात लावला नाही. दुखणं अंगावर काढून खेळत राहणाऱ्यांना मी कळकळीने सांगते, थांबा. अंगठ्याचे स्नायूबंध एकदा सुजले की ते कुठल्याही पहारेकऱ्यापेक्षा चिवट असतात.

ते आठ दिवस वाचनात गेले. एक प्रश्न मला सारखा पडत होता: लढाईची बटणं जिथे आहेत तिथेच का आहेत? वार खांद्याच्या बटणावर, म्हणजे कंट्रोलरच्या वरच्या कडेला, तर्जनीखाली. डीमन्स सोल्समध्येही ते तिथेच होतं. यामागे विचार चांगला आहे. उजवा अंगठा कॅमेऱ्याच्या स्टिकवर मोकळा राहावा, वार करताना नजर वळवता यावी. पण लोळणीचं बटण मात्र समोरच्या चार बटणांत. म्हणजे वार करताना मी बघू शकते, आणि जीव वाचवताना बघू शकत नाही! अंगठा एकतर कॅमेऱ्यावर, नाहीतर लोळणीवर. हातांच्या या ओढाताणीला जुना इतिहास आहे. सोनीच्या पीएसपी या हातात धरून खेळायच्या यंत्राला एकच स्टिक होती, त्यामुळे त्यावर मॉन्स्टर हंटर खेळणारे डाव्या अंगठ्याने चालायचे आणि त्याच हाताची तर्जनी वाकडी करून स्टिकच्या वरच्या दिशा-बटणांनी कॅमेरा फिरवायचे. हाताचा आकार पंजासारखा व्हायचा, म्हणून त्या धरण्याला नावच 'क्लॉ' पडलं. गेमवर प्रेम असलं की माणसं बोटं वाकडी करून खेळतात. त्या प्रेमाबद्दल मला आदर आहे. पण बोटं वाकवायची पाळी येऊ नये, हेही मला तितकंच वाटतं.

नवव्या दिवशी मी मांडणी बदलायला बसले. गेमच्या आत बटणांची अदलाबदल करता येते, पण लोळण आणि धाव वेगळी करता येत नाहीत. ती जोडी कायमची. मग स्टीमच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर ज्यातून गेम विकत घेऊन चालवतात त्या प्रोग्रामच्या, कंट्रोलर सेटिंगकडे वळले. तिथे एका बटणाच्या वेगवेगळ्या दाबांना वेगवेगळी कामं देता येतात: साधा दाब, लांब दाब, दोनदा दाब, दाबाची सुरुवात, सोडणं. मला हवी होती ती 'दाबाची सुरुवात'. मी कितीही वेळ धरून ठेवलं तरी पहिला स्पर्श होताच गेमला एक क्षणभराची टिचकी जाते, दाबली आणि सोडली. हे काम मी डाव्या खांद्याच्या बटणाला दिलं. तिथे ढाल होती, पण मी दोन्ही हातांची मोठी तलवार वापरते, ढालीची मला गरज नव्हती. धाव डाव्या स्टिकच्या दाबावर टाकली.

त्याच बैठकीत डाव्या स्टिकचा डेडझोनही, म्हणजे मध्याजवळच्या ज्या बारीक हालचालीकडे गेम दुर्लक्ष करतो तो भाग, थोडा वाढवला. माझी स्टिक जुनी झाली आहे, सोडली तरी पूर्ण मध्यावर येत नाही, आणि कुपी पिऊन झाली की बाई आपोआप एक पाऊल कड्याकडे सरकायची. साध्या स्टिकमध्ये आत घासत फिरणारा भाग असतो, तो झिजतो. चुंबकाच्या जोरावर चालणाऱ्या हॉल इफेक्ट स्टिकमध्ये ही घासाघीस नसते. पुढचा कंट्रोलर तसा घेईन.

मनात एक खुटखुट होती. हे बरोबर आहे का? गेम बनवणाऱ्यांनी जी लढाई आखली, ती मी सोपी करून घेतेय का? मी यावर प्रामाणिकपणे विचार केला. पहारेकऱ्याचा एकही घाव मी हलका केला नाही. त्याचा वेग तोच, माझी ताकद तीच. मी फक्त माझा निर्णय आणि पडद्यावरची हालचाल यांच्यामधला अडसर काढला. निर्णय चुकला तर मरण तसंच. डार्क सोल्स टू मध्ये, 2014 साली, लोळताना अंगाला घाव न लागण्याचा काळ खेळाडूच्या एका गुणावर ठेवला होता. गुण वाढवला की तो काळ वाढायचा. म्हणजे हाताला जाणवणारी गोष्टही बनवणारे कधी कधी बदलू देतात. आणि ज्यांचा हात माझ्यासारखा चालत नाही, त्यांचं काय? 2018 साली मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर काढला, ज्याला मोठी बटणं, पायाने दाबायचे स्विच, काहीही जोडता येतं. 2020 च्या द लास्ट ऑफ अस पार्ट टू मध्ये 60 पेक्षा जास्त सुलभतेची सेटिंग होती. त्याने लढाई कोणाची हलकी झाली नाही, ती जास्त लोकांची झाली. धाव आणि लोळण वेगळी करायचा एक पर्याय द्यायला असा कितीसा खर्च येतो? मला हे अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

पहिल्या संध्याकाळी नवी मांडणी हाताला बसली नाही. डावी तर्जनी लोळणीसाठी आहे हे डोक्याला माहीत, हाताला नाही. घाव आला की अंगठा जुन्या जागी धावायचा. मी पहारेकऱ्याकडे गेलेच नाही. सुरुवातीच्या भागात परत जाऊन हलक्या शिपायांशी तीन संध्याकाळी लढत राहिले. चौथ्या दिवशी एका शिपायाने मागून भाला उगारला आणि मी विचार करायच्या आत लोळून बाजूला झाले. त्याच वेळी उजवा अंगठा कॅमेरा वळवत होता. मला तो शिपाई लोळता लोळता दिसला. इतक्या तासांत पहिल्यांदा मी जीव वाचवताना डोळे उघडे ठेवले होते.

मग पूल. वहीचं नवं पान, तेच चार रकाने.

पहिल्या पाच मरणांत पाचही रेघा 'माझी चूक'मध्ये. लोभ: एक वार जास्त करायला गेले. लोभ. स्टॅमिना बघितला नाही. उलट्या बाजूला लोळले. पुन्हा लोभ. पण प्रत्येक वेळी मला माहीत होतं, आणि पुलाकडे परत धावताना मी काय वेगळं करणार हे ठरलेलं असायचं. राग येतच नव्हता.

कॅमेऱ्याची मात्र सोय करता आली नाही, आणि तिथे माझी तक्रार अजून उभी आहे. लॉक-ऑन ही फार जुनी आणि फार सुंदर कल्पना आहे. 1998 साली निन्टेंडो 64 वरच्या झेल्डा मालिकेतल्या ओकारिना ऑफ टाइमने ती रुळवली: एक बटण धरा, नजर शत्रूवर खिळेल, आणि तुम्ही त्याच्याभोवती फिरत राहाल. एकास एक लढाईत तिला तोड नाही. पण पहारेकऱ्याबरोबर दोन कुत्रे आहेत. उजवी स्टिक जराशी हलली की लॉक एका कुत्र्यावर उडी मारतो, कॅमेरा गर्रकन वळतो, आणि कुऱ्हाड पाठीमागे राहते. पहारेकरी जवळ आला की नजर त्याच्या छातीवर खिळलेली, त्यामुळे कॅमेरा वर आकाशाकडे बघतो आणि पायाशी काय चाललंय ते दिसत नाही. पुलाच्या टोकाला बुरूज आहे. पाठ त्याला लागली की कॅमेऱ्याला मागे जागा उरत नाही, तो माझ्याच खांद्यात शिरतो, आणि पडदाभर नुसती माझ्या चिलखताची पाठ दिसते.

यातून मी जी पद्धत काढली ती अशी: कुत्रे जिवंत आहेत तोवर लॉक करायचाच नाही. उजवा अंगठा आता मोकळा होता, तेव्हा हाताने बघत, मागे सरकत, एकेका कुत्र्याला पुलाच्या मध्यावर ओढायचं. बुरुजाकडे कधीच जायचं नाही. कुत्रे संपले की लॉक, आणि पहारेकरी अंगावर आला की लॉक पुन्हा सोडायचा. हे जमायला लागलं तेव्हा लढाई वेगळीच दिसायला लागली. कुऱ्हाड उगारण्याआधी तो डावा पाय मागे घेतो, हे मला इतक्या दिवसांत दिसलंच नव्हतं. मी सारखी आकाशाकडे बघत होते ना.

नव्या पानावर वीस मरणं झाली: माझी चूक 15, कॅमेरा 4, बटण 0, कळलं नाही 1. एकविसाव्या खेपेला तो पडला.

शेवटचा घाव मी घाईने केला नाही. त्याची थोडीशीच ताकद उरली होती, माझी त्याहून कमी, कुप्या संपलेल्या. त्याने डावा पाय मागे घेतला. मी थांबले. कुऱ्हाड वर गेली, मी आणखी थांबले, मग तर्जनी टेकवली आणि ती लोळली, त्याच क्षणी, कुऱ्हाडीच्या आत, त्याच्या पायापाशी. कुऱ्हाड माझ्या मागे दगडात रुतली. मी दोन वार केले. तिसऱ्याचा मोह झाला, तो गिळला, पुन्हा लोळले, पुन्हा दोन. तो गुडघ्यावर आला आणि दगडांचा ढीग झाला. भाऊ ओरडला. मी ओरडले नाही, माझे हात थरथरत होते आणि घसा दाटून आला होता.

बनवणाऱ्यांना मी नंतर सविस्तर लिहून पाठवलं. आकड्यांसकट, फोनवर टिपलेल्या चित्रफितीसकट. तीन मागण्या केल्या: लोळण आणि धाव वेगळी करायचा पर्याय द्या, शिकवणीच्या पाटीवर 'दाबून सोडा' लिहा, आणि उजव्या स्टिकने लॉक बदलणं बंद करता येऊ द्या. पावती आली, उत्तर अजून नाही. पाटीवरचा शब्द तरी बदलतील अशी मला आशा आहे. तो बदलायला एक दुपार पुरेल.

पुलाच्या पलीकडे दलदल आहे. तिथे जाण्याआधी भावाने कंट्रोलर मागितला, त्याला पहिल्यापासून खेळायचं होतं. माझ्या मांडणीवर त्याने तासभर प्रयत्न केला. त्याची बोटं लांब आहेत, डाव्या खांद्याचं बटण त्याच्याकडून नकळत दाबलं जायचं आणि बाई उगाचच लोळायची.

"ताई, मला तुझं नको. मला अंगठ्यावरच दे."

मी त्याच्यासाठी वेगळं प्रोफाइल केलं. लोळण त्याच्या अंगठ्याखाली, पण दाबताच चालणारी. धाव वेगळी. मग ती वही त्याच्याकडे सरकवली, आणि त्याने नव्या पानावर स्वतःच चार रकाने आखले.